महिन्याला ६००० रुपयांत पॅलिओ: भाकरी सोडल्यावर पोट कशाने भरायचं?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा. वय २७, वजन ८८ किलो, उंची पाच फूट आठ इंच, पिंपरीत दोन मित्रांबरोबर खोली. वजन उतरवायला पॅलिओ (अश्मयुगीन माणसाच्या खाण्यावर बेतलेला, धान्य-डाळी-दूध वगळणारा आहार) सुरू केलं, पहिल्याच महिन्यात किराणा, भाजी आणि चिकन-मटण मिळून तेरा हजारांच्या वर गेले. हाताशी असतात सहा हजार. मित्र वरण-भात खाणारे, त्यामुळे स्वयंपाकही वेगळा. प्रोटीन पावडरचा डबा घ्यावा का, हेही शेवटी विचारलंय. तर पॅलिओ हे पैसेवाल्यांचंच काम आहे का?

नाही. सहा हजारांत जमतं, पण काठावर जमतं, आणि तुम्ही आता ज्या पद्धतीने करताय त्या पद्धतीने नाही. मी पुण्यात आहारसल्ल्याचं काम करते. पॅलिओ करायचंच असं ठरवून येणाऱ्या तरुणांच्या खरेदीच्या याद्या आश्चर्य वाटावं इतक्या सारख्या असतात: बदाम, बदामाचं पीठ, ॲव्होकाडो, ब्रोकोली, बोनलेस चिकन, पाकिटातलं नारळाचं दूध, ऑलिव्ह ऑइल. ही यादी अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधून उचललेली आहे. तिथे ती कदाचित परवडतही असेल. पिंपरीत ती खिसा कापणारच.

आधी दोन ओळीत नियम, कारण प्रत्येकाच्या डोक्यातलं पॅलिओ वेगळं असतं. धान्य बंद, मग ते गहू-तांदूळ असो नाहीतर ज्वारी-नाचणी. डाळी, कडधान्यं बंद, आणि शेंगदाणा हा शेंगवर्गातला म्हणून तोही बंद. दूध-दही, साखर, रिफाइंड तेलं, पाकीटबंद खाणं बंद. उरलं काय? मांस, मासे, अंडी, भाज्या, कंद, फळं, तेलबिया, सुकामेवा. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अश्मयुगीन माणसाच्या खाण्यावर लेख लिहिला, तेव्हापासून या कल्पनेला वैद्यकीय वर्तुळात वजन आलं. बाकी अश्मयुगातली माणसं धान्याला हातही लावत नव्हती, हे मात्र तितकंसं खरं नाही. युरोपात सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या दळायच्या दगडांवर वनस्पतींच्या पिठाचे कण सापडले आहेत. आणि आपल्याकडे प्रवरेकाठी, नेवाशाजवळ चिरकीला ज्यांची दगडी हत्यारं मिळाली, ती माणसं आसपास जे मिळेल ते खात असणार. आपणही तेच करायचं आहे, फक्त नदीकाठाऐवजी मंडईत.

आता मुद्द्याचं. पॅलिओ महाग पडतं ते मांसामुळे, असं सगळे धरून चालतात. वही काढून हिशेब मांडला तर वेगळंच दिसतं. तुमचा खर्च वाढला तो प्रथिनांपायी नव्हे, भाकरी आणि भात गेल्यामुळे. दिवसाच्या निम्म्याहून जास्त कॅलरी आपल्याला धान्यातून मिळतात आणि त्या जवळजवळ फुकट म्हणाव्या इतक्या स्वस्त असतात. ते धान्य ताटातून काढलं की पोटात खड्डा पडतो. तो खड्डा माणूस जे हाताला लागेल त्याने भरतो, बहुधा चिकनने आणि बदामाने.

शंभर रुपयांत किती कॅलरी येतात ते बघा. भाव पुणे-पिंपरीतले आणि ढोबळ आहेत, दहा-वीस टक्के इकडेतिकडे धरा. साधा तांदूळ शंभर रुपयांत सात हजार कॅलरी देतो. ज्वारी साडेपाच हजारांच्या आसपास. ही झाली धान्यं. आता पॅलिओत चालणाऱ्या गोष्टी: रताळी, केळी आणि ओला नारळ, तिन्ही शंभर रुपयांत साधारण दोन हजार. अंडी हजार. बदाम साडेसहाशे-सातशे. बोनलेस चिकन सव्वातीनशे. मटण दोनशेच्या खाली. ॲव्होकाडो एखादंच येईल, त्यात दोनशे-अडीचशे.

हे आकडे एकदा नीट बघितले की सगळं गणित सुटतं. धान्याची बरोबरी कुणीच करणार नाही, तो नाद सोडा. भाकरीची जागा रताळं, केळं आणि नारळाने भरायची, प्रथिनांची मुख्य जबाबदारी अंड्यांवर टाकायची, आणि मांस ठरलेल्या मापात, तेही स्वस्त भाग बघून घ्यायचं. तुम्ही बोनलेस चिकनने पोट भरत होतात. इंधन म्हणून ते सगळ्यात महागड्यांपैकी एक, आणि तेच तुम्ही चुलीत घालत होतात.

तेव्हा यादीतून सरळ खोडायच्या गोष्टी आधी खोडा. बदामाचं पीठ आणि त्याची ‘पॅलिओ पोळी’: एक पोळी वीस-पंचवीस रुपयांना पडते आणि तिने कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही. पाकिटातलं नारळाचं दूध: त्याच पैशांत तीन नारळ येतात. ब्रोकोली, झुकिनी, रंगीत ढोबळी मिरची ही हौस. ऑलिव्ह ऑइल फोडणीला लागत नाही. तामिळनाडूत गेल्या दहा-बारा वर्षांत पॅलिओ बरंच पसरलं आणि तिथल्या मंडळींचा सकाळचा शंभर बदामांचा नाश्ता प्रसिद्ध आहे. त्यांना तो लागू पडतो, पण रोजचे नव्वद-शंभर रुपये फक्त नाश्त्याला गेले तर तुमचं अर्धं बजेट सकाळी नऊलाच संपलं.

आता भाकरीच्या जागी काय. पहिलं नाव रताळ्याचं. कुकरमध्ये तळाला पाणी, वर जाळी किंवा डबा, सालासकट रताळी, दोन शिट्ट्या. किलोभर एकदाच उकडून फ्रीजमध्ये ठेवली तर अडीच-तीन दिवस जातात, आणि तव्यावर काप परतून रश्श्याबरोबर खाल्ली तर पोळीची आठवण पहिल्या आठवड्यानंतर कमी होते. उकडून थंड केलेलं रताळं रक्तातली साखर थोडी सावकाश चढवतं, हा वरचा फायदा. एक सांभाळायचं: आषाढी एकादशी आणि महाशिवरात्रीच्या आठवड्यात रताळ्याचा भाव दुप्पट होतो. त्या आठवड्यात सुरण, अळकुड्या, कच्ची केळी, लाल भोपळा यांकडे वळायचं. सुरण चिरताना हाताला तेल लावा आणि शिजवताना दोन-तीन आमसुलं टाका, नाहीतर घसा खाजतो. कोकणातले असाल तर करांदे आणि कोनफळ गावाहून येणाऱ्या कुणाच्याही पिशवीतून मागवता येतात. शहरात त्यांना भाव आहे, गावात परसातच असतात.

इथे एक गंमत सांगते. आपल्या उपवासाच्या ताटात पॅलिओची निम्मी यादी आधीच बसलेली आहे: रताळं, सुरण, शिंगाडा, नारळ, केळं. फक्त उपवासाचं म्हणून सगळंच चालतं असं समजू नका. भगर हे धान्यच आहे, शेंगदाणा शेंगवर्गातला, आणि साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला निव्वळ स्टार्च. साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘आज पॅलिओ केलं’ म्हणणारे मला दर श्रावणात भेटतात.

नारळाचं मोल आपल्याला कळत नाही, कारण तो भाजीवर भुरभुरवायची वस्तू आहे असं आपण मानतो. एका मध्यम नारळात दोनशे-अडीचशे ग्रॅम खोबरं निघतं, म्हणजे आठशे-नऊशे कॅलरी, चाळीस-पंचेचाळीस रुपयांत. तो वाटणात घाला, दूध काढून सोलकढी करा, चव तशीच खा. गणपती आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास भाव चढतो, तेव्हा आधीच चार-पाच घेऊन ठेवले तर शेंडी न काढलेले नारळ बाहेर महिनाभर आरामात टिकतात. खोबरेल तेल मात्र अलीकडे इतकं महागलंय की ते फोडणीला वापरायचा आग्रह मी धरत नाही. नारळ थेट खाल्ला तर तेच तेल स्वस्तात पोटात जातं.

प्रथिनं. अंड्यांपासून सुरुवात करू, कारण सहा हजारांच्या पॅलिओचा कणा अंडीच आहेत. तीस अंड्यांचा ट्रे घ्यायचा, सुटी नाही. नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी रोजचे घाऊक भाव शहरवार जाहीर करते, ते बघायची सवय लावा म्हणजे दुकानदार फार वर जात नाही. श्रावणात आणि नवरात्रात मागणी पडते, भाव उतरतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत चढतो. चिकनचंही जवळजवळ तसंच. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. रोजची पाच अंडी म्हणजे तीस ग्रॅम, पस्तीस रुपयांत. ‘ब्राऊन’, ‘ओमेगा’, ‘फार्म’ असं लिहिलेल्या डब्यांसाठी दुप्पट पैसे मोजू नका. गावरान अंडी चवीला छान, पण पंधरा-वीस रुपयांना एक, हे आपल्या गणितात बसत नाही.

चिकनच्या दुकानात वागायची पद्धत बदलावी लागेल. बोनलेस मागायचं नाही. पूर्ण कोंबडी घ्यायची, पावणेदोन-दोन किलोची, आणि ‘विथ स्किन’ सांगायचं. बहुतेक दुकानांत कातडी पिसांसकट हाताने ओढून सोलतात आणि ती थेट कचऱ्याच्या पिंपात जाते. ‘विथ स्किन’ म्हटलं की कोंबडी गरम पाण्यातून काढून रबरी बोंडांच्या ड्रममध्ये फिरवतात, पिसं निघतात, कातडी राहते. गर्दीच्या रविवारी दुकानदार कुरकुर करतो, म्हणून मंगळवारी-बुधवारी जा. मान, कलेजी-पेटा आणि पाय त्याच पिशवीत मागून घ्या. पाय तर बरेच जण टाकूनच देतात.

घरी आल्यावर कातडी आणि पोटाकडची पिवळी चरबी कात्रीने बोटभर कापायची. जाड बुडाच्या कढईत ती घालून अर्धी वाटी पाणी ओतायचं, आच मंद. आधी पाणी दुधासारखं पांढरट होऊन खदखदतं. वीसेक मिनिटांनी आवाज बदलतो, खदखद थांबून तडतड सुरू होते. याचा अर्थ पाणी उडून गेलं आणि आता कढईत फक्त चरबी आहे. इथून पुढे लक्ष ठेवायचं, कारण पाच मिनिटांत तुकडे सोनेरी होतात आणि आणखी दोन मिनिटांत करपतात. गाळून काचेच्या बाटलीत भरलं की आठवडाभराच्या फोडणीचं काम झालं. फ्रीजमध्ये ते तुपासारखं पिवळसर थिजतं. चाळणीत उरलेल्या कुरकुरीत तुकड्यांवर मीठ-तिखट भुरभुरवा आणि मित्र खोलीत यायच्या आत संपवा.

मान, पाय आणि हाडं कुकरला. आलं, मिरी, मीठ, भरपूर पाणी, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पाऊण तास. हा अळणी रस्सा म्हणजेच इंटरनेटवर बाटलीत सहाशे रुपयांना विकला जाणारा बोन ब्रॉथ. त्यात सुरण किंवा भोपळ्याच्या फोडी शिजवल्या की रात्रीचं जेवण झालं.

कलेजी आठवड्यातून एकदा, दीडशे ग्रॅम. चिकनची कलेजी किलोला दीडशेच्या आसपास मिळते, म्हणजे बावीस-तेवीस रुपयांचा प्रश्न, आणि त्यात लोह, फोलेट, बी-१२ आणि ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असतं. कांदा परता, कलेजी टाका, मिरी आणि मीठ, सात-आठ मिनिटं. त्याहून जास्त शिजवली की रबर होते आणि मग लोक म्हणतात कलेजी आवडत नाही. रोज मात्र खाऊ नका. ‘अ’ जीवनसत्त्व शरीरात साठून राहतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. यूरिक ॲसिड वाढलेलं असेल तर कलेजी वगळाच. गरोदर बाईने याच ‘अ’ जीवनसत्त्वामुळे ती टाळावी.

मटण या बजेटात महिन्यातून एकदा, आणि तेही आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात नाही. गटारीला मटणाच्या रांगेत उभं राहणं ही हौस आहे, काटकसर नव्हे. एरवी खाटकाकडे मुंडी, पाया, वजडी विचारा. पुण्यात ही विकणारी दुकानं जुन्या पेठांत आणि कॅम्पात आहेत, नव्या सोसायट्यांच्या भागात क्वचित. वजडी धुणं हे चिकाटीचं काम आहे, चुन्याच्या किंवा मिठाच्या पाण्यात घासून घासून. तुम्हाला तो वास झेपणार नसेल तर सोडून द्या, त्यावाचून अडत नाही.

मासे पुण्या-पिंपरीत पापलेट-सुरमईच्या भावानेच लोकांना घाबरवतात. त्यांच्याकडे बघूच नका. बांगडा आणि तारली घ्या. दोन्ही तेलकट, ओमेगा-३ भरपूर, आणि तारलीचा काटा कुकरमध्ये इतका मऊ होतो की काट्यासकट खाता येते. त्याचा फायदा पुढे कॅल्शिअमच्या बाबतीत सांगते. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजी मासळी महागते. त्याची तरतूद आपल्या कोकणातल्या घरांनी पिढ्यानपिढ्या केलेली आहे: मे महिन्यात सुके बोंबील, जवळा, सुकट भरून ठेवायची. सुक्या मासळीत पाणी नसल्याने प्रथिनं ताज्याच्या तिप्पट-चौपट भरतात, त्यामुळे किलोचा भाव बघून दचकू नका. पन्नास ग्रॅम जवळा, दोन कांदे, आमसूल, मूठभर खोबरं, एवढ्यात एका माणसाचं जेवण होतं. खारवलेली मासळी असेल तर दोनदा पाण्यातून काढा. रक्तदाब असलेल्यांनी बिनमिठाचीच घ्यावी. आणि खोलीत जवळा भाजण्याआधी शेजारी कोण आहे ते बघून घ्या, यापायी घरमालकाशी भांडणं झालेली मला माहीत आहेत.

दूध गेलं की कॅल्शिअमचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्था (एनआयएन) यांच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम सांगितलंय. पॅलिओत ते आपोआप मिळत नाही. काट्यासकट तारली, मांदेली, सुकट, जवळा हा एक आधार. दुसरा तीळ. न सोललेल्या तिळात शंभर ग्रॅमला हजाराच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शिअम असतं, आणि तीळ बदामाच्या पाव भावात मिळतात. म्हणून मी प्रत्येकाला चटणी करायला लावते: तीळ, कारळे, जवस, सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची. सगळं वेगवेगळं भाजून एकत्र कुटायचं, शेंगदाणे न घालता. दिवसाला दोन मोठे चमचे. ही बाटली म्हणजे तुमचा सुकामेवा. शेवग्याचा पाला कुणाच्या दारात झाड असेल तर मागून आणा, तो विकत घ्यायची वस्तूच नाही.

भाज्यांबद्दल फार सांगत नाही, मंडईत तुम्ही जाताच. जे त्या आठवड्यात स्वस्त ते घ्यायचं, पाककृती बघून भाजी आणायची नाही. रात्री आठनंतर पालेभाजीच्या जुड्या निम्म्या दरात निघतात. मुळ्याचा, बिटाचा, नवलकोलाचा पाला भाजीवाला तोडून बाजूला टाकतो, तो मागून घ्या. पावसाळ्यात मेथी-पालक महागतात तेव्हा टाकळा, कुर्डू, घोळ, चवळई येतात.

आता तुमचा एक दिवस मांडून दाखवते, दोनशे रुपयांच्या आतला. पाच अंडी, पस्तीस रुपये. हाडासकट पाव किलो चिकन, पंचावन्न. चारशे ग्रॅम रताळी, वीस. अर्धा नारळ, एकवीस-बावीस. दोन केळी, दहा. अर्धा किलो भाजी, अठ्ठावीस-तीस. चटणीचे चार, तूप किंवा तेलाचे आठ, कांदा-लसूण-मसाल्याचे आठ. बेरीज एकशे नव्वदच्या आसपास. कॅलरी जवळजवळ दोन हजार, प्रथिनं ८५ ते ९० ग्रॅम. तुमच्या वजन-उंचीला, बैठ्या कामाला, हळूहळू वजन उतरवायला हे बरोबर माप आहे. ज्या दिवशी चिकनऐवजी कलेजी किंवा जवळा असेल त्या दिवशी वीस-तीस रुपये वाचतात, त्यातूनच महिन्याचं ते एकदाचं मटण येतं. सकाळी तीन अंडी आणि केळं, डब्यात रताळं-भाजी-उकडलेली अंडी, रात्री रस्सा, असं बसवा. बाहेर वडापाव खाल्ला तर पॅलिओ मोडतं ते सोडा, पण ऑफिसच्या कँटीनमध्ये ‘पॅलिओ’ म्हणून तंदुरी चिकन मागवलंत तर दोन दिवसांचे पैसे एका बशीत जातात.

तुपाबद्दल: कट्टर नियमात ते बसत नाही. मी चालवते. कढवून केलेल्या तुपात दुधातली साखर आणि प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, आणि खोबरेलच्या आजच्या भावात तूप फार महाग पडत नाही.

डाळींबद्दल माझं मत पॅलिओवाल्यांशी जुळत नाही. लेक्टिनचा, म्हणजे डाळी-कडधान्यांत असणाऱ्या एका प्रथिनाचा, जो बागुलबुवा केला जातो, ते लेक्टिन भिजवून, नीट शिजवल्यावर बहुतांश नष्ट होतं, आणि आपण डाळ कच्ची खात नाही. या आहारावर झालेले प्रयोगही छोटे आहेत. स्वीडनमध्ये स्टाफन लिंडेबर्ग यांच्या गटाने २००७ साली हृदयविकार आणि साखर वाढलेल्या २९ पुरुषांवर १२ आठवडे प्रयोग केला, त्यात पॅलिओ गटाची साखर भूमध्य पद्धतीच्या आहारापेक्षा जास्त सुधारली. निकाल चांगला आहे, पण २९ माणसं आणि तीन महिने, एवढ्यावर मुगाच्या डाळीला कायमचं हद्दपार करायला मी तयार नाही. मैदा, साखर, तळण आणि पाकिटं गेली याचाच मोठा वाटा त्यात असावा असा माझा अंदाज. म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पैसे संपले तर उधारी करून चिकन आणू नका. दुपारी एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण घ्या, रात्रीचं जेवण पॅलिओचं ठेवा. वजनाच्या काट्याला फरक कळणार नाही. उपाशी राहून रात्री अकराला बिस्किटाचा पुडा फोडलात, तर तो मात्र कळेल.

काही लोकांनी यातलं काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर धान्य अचानक बंद केल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, डोस आधी डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांना कर्बोदकं फार कमी केली तर वेगळाच धोका असतो, रक्तात आम्ल वाढण्याचा. मूत्रपिंडाचा आजार, गाऊट, गरोदरपण, वाढीच्या वयातली मुलं यांनाही हे नको. तुम्ही निरोगी आहात असं धरून सुद्धा सुरुवातीला लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करा आणि तीन महिन्यांनी परत. रोज पाच अंडी आणि अर्धा नारळ बहुतेकांना चालतो, पण काहींचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, चांगलंच वर जातं, आणि ते कुणाचं जाणार हे आधी सांगता येत नाही. वर गेलं तर नारळ निम्मा करायचा, अंड्यांतले दोन बलक कमी करायचे आणि बांगडा-तारली वाढवायची.

हाच प्रश्न पूर्ण शाकाहारी मंडळींकडून येतो तेव्हा मी स्पष्ट सांगते की नका करू. धान्य, डाळी, दूध तिन्ही काढल्यावर शाकाहारी ताटात प्रथिनं द्यायला सुकामेव्यावाचून काही उरत नाही, आणि तेवढा सुकामेवा ना परवडतो ना पचतो. अंडी खात असाल तर थोडं जमतं, पण तेव्हाही दही आणि मूग परत आणा, नावाला पॅलिओ म्हणा किंवा म्हणू नका.

राहिला मित्रांचा प्रश्न. वेगळा स्वयंपाक करू नका, त्यात गॅस आणि वेळ दोन्ही जातो, आणि दोन महिन्यांत तुम्ही कंटाळून सोडून द्याल. रस्सा, भाजी, कोशिंबीर सगळ्यांची एकच, फक्त कोशिंबिरीत दाण्याचं कूट नको, खोबरं घाला. ते त्याबरोबर भात घेतील, तुम्ही रताळं. कोंबडी तिघांत मिळून घ्या, रविवारी दोन आणल्या तर दुकानदार भावही करतो. पाय, मान आणि कातडी तुमच्या वाट्याला मागून घ्या, त्यावर कुणी भांडणार नाही. आणि ते जे प्रोटीन पावडरच्या डब्याबद्दल शेवटी विचारलंय: अशा डब्यात बहुधा असतं ते व्हे प्रोटीन दुधापासूनच बनतं, म्हणजे तुमच्याच नियमात बसत नाही, आणि एका डब्याच्या पैशांत दहा-पंधरा ट्रे अंडी येतात.